बिनचकरीचा टीव्ही

भूपाल चौगुलेच्या लाइनीवर चकरी फिरत नाही, ही हेरवडी गावात दगडावरची रेघ होती. चकरी म्हणजे टीव्हीच्या मधोमध गरगरणारं ते वर्तुळ. इंटरनेट दमलं की ते उगवतं आणि घरातली सगळी माणसं तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत बसतात. शिरोळ तालुक्यातल्या बाकीच्या गावांत फिरत असेल, खुशाल फिरो. हेरवडीत भूपालनं एकदा टीव्हीला हात लावला की विषय संपला.

माणूस मूळचा केबलवाला. गावातली एकेक गच्ची त्याच्या पायाखालची. केबलचा जमाना गेला, टीव्ही इंटरनेटवर आला, तेव्हा बाकीचे केबलवाले कपाळाला हात लावून बसले. भूपालनं 'घरवाहिनी' नावाच्या अ‍ॅपची एजन्सी घेतली. टीव्हीत अ‍ॅप टाकायचं, गिऱ्हाइकाचा नंबर भरायचा आणि चालू लागायचं, असं इतरांचं काम. भूपाल तसला नव्हता. तो आधी वायफाय बंद करून भिंतीतून तार ओढायचा. "वायफायवर टीव्ही बघणं म्हणजे चाळणीनं पाणी भरणं," असं त्याचं म्हणणं. मग नको ती चॅनेलं काढायची, टीव्हीच्या पोटात साचलेला कचरा पुसायचा, आणि शेवटी घरच्यांना "जरा चहाचं बघा की" म्हणून आत पिटाळून एक काम गुपचूप उरकायचं. त्या एका कामानं सगळा घोटाळा केला.

ते कळायला टीव्हीच्या पोटात थोडं शिरावं लागेल. इंटरनेटवरून चित्र सलग येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं. टीव्ही पुढचे काही तुकडे साठवून ठेवतो आणि एकेक वाढत जातो, पंगतीत वाढपी बुंदीची पाटी घेऊन फिरतो तसा. पाटी संपली आणि आतून दुसरी आली नाही की चकरी. साठा वाढवला तर चकरी कमी होते, पण थेट प्रक्षेपण मागं पडतं. शेजारी विकेटचा आरडाओरडा आधी होतो आणि आपल्याकडे चेंडू नंतर पडतो. दोन्ही साधायचं तर एकच वाट होती, आणि ती अलीकडच्या टीव्हींना सापडली होती. जो तुकडा आला नाही, तो टीव्हीनं स्वतःच बनवायचा.

आता प्रत्येक टीव्हीत त्यासाठी एक चिप असते. बोलणाऱ्याचा चेहरा, आवाज, हातवारे, आधीचं बोलणं यांवरून तो पुढं काय म्हणेल याचा ती अंदाज बांधते आणि तसं चित्र आवाजासकट रंगवते. याला पुरवणी म्हणतात. फट पापणी लवण्याएवढी असली तर कुणाला पत्ता लागत नाही. कंपन्यांनी दोन बंधनं मात्र घातली होती. पुरवणी दोनेक सेकंदांपलीकडे चालू नये, आणि ती चालू असेल तोवर पडद्याच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका दिसावा. समोरचं बनवलेलं आहे हे बघणाऱ्याला कळावं, हा हेतू.

लोकांनी त्या ठिपक्यावरून भूपालला भंडावून सोडलं. "भूपाल, टीव्हीला फोड आलाय रे." "भूपाल, कोपऱ्यात मुंगी बसलीया, पुसली तरी जाईना." म्हणून तो मेनूच्या अगदी तळाशी, जिथं फक्त कंपनीच्या माणसांनी जायचं तिथं जाऊन ठिपका बंद करायचा आणि सेकंदांची मर्यादाही उडवून टाकायचा. केबलच्या दिवसांत पडद्यावर मुंग्या आल्या की लोक दारात येऊन शिव्या द्यायचे, ते त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. पडदा अडला की आपलं नाक कापलं गेलं, एवढंच त्याला कळायचं. बातम्यांतली बाई एखादं वाक्य इकडचं तिकडं बोलली तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

थोरल्या बहिणीच्या टीव्हीवरही त्यानं हेच केलं होतं, आणि जरा जास्तच मायेनं.

बहीण म्हणजे चंपाबाई मगदूम. भूपाल तिला अक्का म्हणायचा. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळं तिच्यापुढं हा पन्नाशीचा बाप्याही लहान व्हायचा. नवरा वारलेला, मुलगा महावीर बायकोला घेऊन दुबईला, गुडघे कामातून गेलेले. आणि लेक त्रिशला. तिचं नाव त्या घरात कुणी काढायचं नाही.

कारण असं, की त्रिशला नवऱ्याला सोडून बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा नेमके आत महावीरला बघायला आलेले पाहुणे बसले होते. अक्का मागच्या दारानं बाहेर आली आणि लेकीला म्हणाली, "आत्ता आत येऊ नको. सांगलीला लॉजवर राहा दोन दिवस. पाहुणे जाऊ देत." त्रिशला गेली ती गेलीच. पुण्यात नोकरी धरली, घर केलं, माहेराकडे वळून बघितलं नाही. अक्का लोकांना सांगायची, "दोन दिवस कळ काढली असती तर काय झिजली असती? माझं तोंड बघत न्हाई म्हणे. नको बघूस!" आणि दुपारी दार लावून टीव्हीवर त्रिशलाच्या लग्नाची, गॅदरिंगची जुनी चित्रफीत लावून बसायची. पुन्हा पुन्हा तीच. भूपालला हे माहीत होतं. टीव्हीलाही माहीत होतं, कारण ती फीत चालू असताना अक्का रिमोटला हात लावत नाही, हे तो शिकत होता.

आमच्या जैन समाजात पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडतात आणि म्हणतात, जाणता-अजाणता काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा. भावकीतली भांडणं त्या दिवशी मिटतात, निदान मिटल्यासारखी दिसतात. बाहेरगावी गेलेल्यांची सोय म्हणून भूपालनं त्या वर्षी गावभरच्या टीव्हींवर समोरासमोर बोलायची जोडणी करून दिली. पुण्याचा माणूस हेरवडीच्या टीव्हीत यावा, हेरवडीचा पुण्यात. आणि मनात एक आशा धरून त्यानं त्रिशलाला फोन केला.

"तुमच्यासाठी बोलेन मामा," ती म्हणाली. "पण मला जे बोलायचंय तेच बोलेन."

"बोल की बाई. त्यासाठीच दिवस हाय."

सकाळी बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, पूजा झाली. अक्काच्या पुढच्या सोप्यात शेजारच्या बायका गोळा झाल्या. भूपाल रिमोट घेऊन नवरदेवासारखा मधोमध उभा. पडद्यावर त्रिशला आली. कानाजवळचे केस पिकायला लागले होते. अक्काचा हात पदराशी चाळा करू लागला.

"आई," त्रिशला म्हणाली. "बरी आहेस का?"

"हाय की."

"गुडघे?"

"हायत तसंच."

मग त्रिशला क्षणभर थांबली. तिनं श्वास घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "आई, जाणता-अजाणता माझं काही चुकलं असेल, तुझं मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा."

अक्का दोन्ही हात पडद्याकडे करून मोठ्यानं म्हणाली, "माफ केलं गं बाई! सगळं माफ केलं तुला!"

पडद्यावरची त्रिशला हसली. "दिवाळीला येते," म्हणाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारच्या कुसुमवहिनी म्हणाल्या, "भूपालभाऊजी, पुण्य कमावलंसा." भूपालची छाती फुगली. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

संध्याकाळी तो एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर तार ओढत असताना त्रिशलाचा फोन आला. आवाज थंडगार होता.

"मामा, तुम्ही होता ना तिथं? मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की पोरी. सगळ्यांचं डोळं भरून आलं."

"डोळे भरून आले? मी म्हणाले, आई, मी माफी मागायला आलेली नाही. तू मागावीस म्हणून आलेय. माझं चुकलं, एवढंच म्हण, मी उद्या गाडीत बसते. एवढं बोलून मी वाट बघत बसले, मामा. ती वर हात करून म्हणते, सगळं माफ केलं तुला!"

भूपालच्या हातातली तार सुटली. काय झालं ते त्याला तिथल्या तिथं कळलं, कारण ही विद्या त्याचीच. सगळ्या गावानं एकाच वेळी पाहुण्यांना टीव्हीवर बोलावलं होतं. गावात येणारी लाइन तुंबली होती आणि बाहेर जाणारी मोकळी होती. अक्काचा शब्द न् शब्द पुण्याला पोचला, आणि पुण्याचं इकडं काहीच आलं नाही. तेवढ्या वेळात चिपनं त्रिशलाचा पाठ केलेला चेहरा घेतला, त्या दिवशी गावातल्या प्रत्येक टीव्हीत जे वाक्य बोललं जात होतं ते त्या तोंडात घातलं, आणि वर दिवाळीचं आमंत्रणही चिकटवलं. ठिपका त्यानं काढलेला. मर्यादा त्यानं उडवलेली.

आता खरं सांगायचं की नाही? पण माणसाची जीभ अशा वेळी कुठं वळेल सांगता येत नाही.

"अगं, अक्काला हल्ली ऐकू कमी येतं," भूपाल म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

भूपाल खाली पडलेली तार गोळा करू लागला.

"तुम्हाला ऐकू आलं ना मामा? मग तुम्ही गप्प कसे बसलात?"

"गर्दी हुती गं... गडबडीत..."

"राहू द्या. पुन्हा जोडून देऊ नका," असं म्हणून तिनं फोन ठेवला. भूपाल गच्चीवर तसाच बसून राहिला. बहिणीला बहिरी ठरवून आपण आपली लाइन वाचवली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सांगायचंच, असं ठरवून तो अक्काकडे गेला. अक्का माणूस लावून माडीवरची खोली धुवून घेत होती. गादी उन्हात पडली होती. "दिवाळीला येतीया न्हवं," ती म्हणाली. "तिला चकलीला लोणी जास्त लागतं. कुणाला सांगू नको, पण मी आत्ताच भाजणी करून ठेवतो." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका करतो, जातो असंच बोलतात. भूपालनं चहा घेतला, बशी पालथी घातली आणि काही न सांगता घरी आला.

असे बरेच दिवस गेले. गावात कुणी म्हणालं, "भूपाल, झकास चाललाय टीव्ही," की त्याच्या कानशिलात बसल्यागत व्हायचं. एखाद्या घरात म्हातारा टीव्हीतल्या नातवाशी बोलत असला तर तो खाली मान घालून पुढं निघायचा. त्यातला नातू किती आणि टीव्ही किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पुण्याला दोनदा फोन लावला. त्रिशलानं उचलला नाही.

मग एक दिवस बस्तीच्या पायऱ्यांवर बायकांत बसलेल्या अक्काचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. "शेवटी झुकली का न्हाई पोरगी? मी म्हणतच हुतो. चूक तिची हुती, तिलाच कबूल करायला लागली. आईबापापुढं कोण मोठं हाय?"

बायका माना डोलावत होत्या. भूपालच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग कुणावर काढायचा तर स्वतःवरच. पुण्यात बसलेल्या पोरीला तिच्या माघारी, तिनं न केलेल्या कबुलीसाठी अख्खं गाव माफ करत होतं. त्यानं अक्काला हाताला धरून उठवलं. "घरी चल. टीव्हीचं काम हाय."

सोप्यात आल्यावर त्यानं आपल्या फोनवरून अक्काच्या टीव्हीला जोडणी लावली. पडद्यावर भूपाल दिसू लागला, आणि त्याच सोप्यात खरा भूपाल उभा. अक्का हसली. "हे काय खूळ?"

"नीट बघ अक्का. मी बोलतोय ते टीव्हीत येतंय?"

"येतंय की."

"मला तुला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. पडद्यावरचा भूपालही तेच म्हणाला. मग खऱ्या भूपालनं वाकून टीव्हीच्या मागची इंटरनेटची तार उपटली, फोन बंद करून कट्ट्यावर ठेवला आणि तोंड घट्ट मिटून उभा राहिला.

पडद्यावरचा भूपाल थांबला नाही. त्यानं घसा खाकरला. "अक्का, माझं लई चुकलं," तो म्हणाला. भूपाल गहिवरला की त्याचा आवाज फाटायचा, अगदी तसाच फाटला. "तू मला आईच्या मायेनं वाढवलंस. मला माफ कर. उत्तम क्षमा, अक्का." आणि त्यानं हात जोडले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं.

अक्का एकदा टीव्हीकडे बघायची, एकदा भावाकडे. भावाच्या हातात तुटलेल्या शेपटीसारखी तार लोंबत होती आणि त्याचे ओठ हलत नव्हते.

"हे कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"कुणीच न्हाई. टीव्ही."

"बंद कर ते."

त्यानं बंद केलं. अक्का हळूहळू पाटावर बसली. समजायला तिला वेळ लागला नाही. म्हातारी होती, खुळी नव्हती.

"म्हणजे त्रिशला...?"

भूपालनं मान डोलावली.

"आता तुझ्या तोंडानं सांग. त्यानं म्हटलं ते सोड. तू सांग."

आणि इथं त्याची गाडी अडली. पडद्यावरच्यानं जे घडाघडा म्हटलं, ते त्याच्या घशात हाडूक होऊन बसलं. शेवटी तुटक तुटक, एकेक घास गिळावा तसं त्यानं सगळं सांगितलं. ठिपका, मर्यादा, तुंबलेली लाइन. अक्काला ऐकू कमी येतं, ही त्रिशलाला मारलेली थापही. "मला लाज वाटली अक्का. माझी लाइन अडली हे सांगायची लाज वाटली. म्हणून तुला बहिरी केली मी."

"आणि तिनं खरं काय म्हटलं?"

त्यानं तेही सांगितलं.

भूपालला वाटलं आता अक्का त्याला फोडून काढणार, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "ती म्हणाली न्हाई, तरी मला ऐकू आलं. किती ग्वाड लागलं रे ते ऐकायला. एकदासुद्धा मनात आलं न्हाई, की ही पोरगी असं बोलणारी न्हवं." मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "गावभर सांगून आलो मी. गावभर."

भूपालनं फोन पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. "हे न्हाई. गाडी बघ पुण्याची."

दुसऱ्याच दिवशी ती दोघं पुण्याला पोचली. वाटभर अक्काचे नुसते ओठ हलत होते. त्रिशलाच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिसरा मजला अक्का बसत उठत, कठड्याला धरून चढली. भूपालनं बेल दाबली आणि खालच्या पायरीवर मागं सरून उभा राहिला. भाचीच्या नजरेला नजर देण्याची त्याची हिंमत नव्हती.

त्रिशलानं दार उघडलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आत या, असं ती म्हणाली नाही.

अक्कानं हात जोडले. "त्रिशला, जाणता-अजाणता..." तिनं सुरुवात केली, आणि थांबली. तिनं हात खाली घेतले. "न्हाई. जाणूनच केलं मी. पाहुण्यांसमोर तुझी लाज वाटली मला. नवऱ्याला टाकून आलेली पोरगी म्हणून. पोटच्या पोरीची लाज वाटली. दोन दिवसांचं निमित्त हुतं. तू आली नसतीस तर बरं झालं असतं, असं वाटलं मला तवा. माझं चुकलं."

त्रिशलाचा चेहरा जसा होता तसाच राहिला. ती रडली नाही, हसली नाही. एवढ्या वर्षांत तिनं मनात या क्षणाची किती तयारी केली असेल, पण यातलं एकही वाक्य तिच्या हिशेबात नव्हतं, हे तिच्याकडे बघून कळत होतं. मग तिची नजर अक्काच्या पायांकडे गेली. "तीन मजले चढून आलीस?" ती म्हणाली आणि तिनं अक्काचा दंड धरला. अक्का उंबरा ओलांडून आत गेली.

भूपाल एक पायरी वर आला. "पोरी, अक्काला ऐकू येतं. मी खोटं बोललो. सगळं माझ्यामुळं..."

"मामा, तुम्ही आत्ता आत येऊ नका," त्रिशला म्हणाली. "मला तुमचा राग आलाय. अजून गेला नाही."

"येऊ दे की," भूपाल म्हणाला. "बसतो मी हितं."

दार लागलं. तो पायरीवर बसला. आतून काहीच ऐकू येईना. ना रडणं, ना बोलणं, ना भांड्याचा आवाज. बेल दाबावी, काहीतरी बोलून दोघींचं जुळवून द्यावं, असं त्याच्या मनात दहादा आलं. हात पुढं झालाही. मग त्यानं तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला आणि आत जे काही चाललं होतं, किंवा चाललं नव्हतं, ते तसंच राहू दिलं.